पहिल्या वेळी थर्ड डिग्री टेअर, दुसऱ्या वेळी मिडवाइफ टीम: साडेतीन स्टार का दिले ते सांगते

आधीच सांगते, दुसऱ्या बाळंतपणात घेतलेल्या मिडवाइफ टीमचा हा रिव्ह्यू (थर्ड डिग्री टेअर म्हणजे बाळंतपणात संडासच्या जागेच्या स्नायूपर्यंत फाटणं), लांब आहे आणि यात संडास, गॅस, टाके सगळं येणारे. ज्यांना नको वाटतं त्यांनी इथूनच परत फिरा. ज्यांना हे वाचायची गरज असते त्या रात्री दोन वाजता बाळाला पाजता पाजता एका हाताने फोनवर हेच शोधत असतात, मीही शोधायचे, आणि सापडायचं काय तर एकतर अंगावर काटा आणणारं किंवा मग "अगं दुसरं सोपं जातं, नको टेन्शन घेऊ" टाइप. मधलं काही नाही. म्हणून हे.

पहिल्या बाळाच्या वेळी कळा खूप लांबल्या, बाळाचं तोंड वरच्या बाजूला होतं, शेवटी चिमटा (फोर्सेप्स) लावला. मग मला ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं, पाठीत इंजेक्शन दिलं आणि टाके घातले. "जरा जास्त फाटलं होतं, शिवलंय व्यवस्थित," एवढंच सांगितलं. डिस्चार्जच्या कागदावर एका कोपऱ्यात "३बी" लिहिलेलं होतं. मला वाटलं वॉर्डचा नंबर असेल. खरंच. दोन वर्षं मी त्याला वॉर्डचा नंबर समजत होते.

त्या दोन वर्षांत माझं काय चाललं होतं तर संडासची कळ आली की पळायचं. थांबवता यायचंच नाही असं नाही, पण पाचेक मिनिटंच. घराबाहेर कुठेही गेले की आधी टॉयलेट कुठंय ते बघायचं, चार माणसांत बसले की गॅस धरला जाईल की नाही याची धाकधूक. नवऱ्यालाही नीट सांगितलं नव्हतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली बाळंतपणानंतर असतं थोडं. असतं थोडं! तिचंही तसंच होतं की काय हे विचारायचं मला तेव्हा सुचलंच नाही, नंतर विचारलं तर ती गप्प बसली आणि मग विषय बदलला, त्यावरून काय ते समजून घ्या.

तर दुसऱ्या वेळी दिवस गेले आणि मी आधी नेहमीच्याच पद्धतीने तपासणीला जायला लागले, म्हणजे रांग, नंबर, त्या दिवशी जी कोणी ड्यूटीवर असेल ती बघणार. सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन वेळा गेले, तीन वेगळ्या जणी भेटल्या. पहिलीने विचारलं आधीचं कसं झालं, मी सांगितलं, ती म्हणाली, "मग आता सिझरच करतील तुमचं." दुसरी म्हणाली, "छे, कशाला सिझर, एकदा वाट झाली की दुसरं पटकन होतं." तिसरीने फाइल चाळली, फाइलमध्ये काही नव्हतं, म्हणाली डॉक्टरांना विचारा. डॉक्टर त्या दिवशी नव्हते. मी घरी येऊन रडले. सिझर झालं असतं तरी चाललं असतं आणि नॉर्मल झालं असतं तरी चाललं असतं, रडू यायचं कारण हे की तिघींपैकी एकीनेही मला "आता त्रास काय होतो?" असं विचारलं नव्हतं.

फिजिओकडे गेले होते कंबरेसाठी, तिने या सेवेचं सांगितलं. नाव-पत्ता विचारू नका, मी जाहिरात करत नाहीये. मी पद्धतीचा रिव्ह्यू देतेय, तुमच्याकडे अशी पद्धत असेल तर काय बघायचं एवढं कळावं म्हणून. पद्धत अशी, की सहा मिडवाइफ, त्यातल्या दोन तुमच्या. एक मुख्य, एक बदली. तपासण्या त्याच करणार, कळा सुरू झाल्या की त्यांच्यातलीच कोणीतरी येणार, बाळ झाल्यावर सहा आठवडे घरी येऊन बघणार पण त्याच. डिलिव्हरी मात्र हॉस्पिटलच्याच लेबर रूममध्ये, डॉक्टर आणि थिएटर बाजूला. आणि माझ्यासारख्यांसाठी महिन्यातून ठराविक दिवशी वेगळं क्लिनिक, तिथे मिडवाइफ, डॉक्टर आणि पेल्विक फ्लोअरची (म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची) फिजिओ तिघी एकाच खोलीत बसतात. हे महत्त्वाचं, पुढे सांगते का ते.

(मराठीत सुईण हा चांगला शब्द आहे, पण सुईण म्हटलं की लोकांना कंदिलाच्या उजेडात गरम पाणी मागणारी म्हातारी दिसते. या शिकलेल्या, परवाना असलेल्या, सलाइन लावणाऱ्या, टाके घालणाऱ्या बायका आहेत. म्हणून मिडवाइफच म्हणते.)

पहिली भेट जवळजवळ तासभर. माझी मुख्य मिडवाइफ, मी त्यांना मोठ्या ताईच म्हणायचे, पन्नाशीच्या पुढच्या, चष्मा कपाळावर. बसल्या बसल्या त्यांचा पहिला प्रश्न, "गॅस धरता येतो का?" मी इकडे तिकडे बघितलं. मग पुढचे, संडासला लागली की किती वेळ थांबवता येते, न कळत कपड्याला कधी लागतं का, धुतल्यानंतर परत लागतं का, नवऱ्याजवळ जाताना दुखतं का, टाक्यांच्या जागी ओढल्यासारखं होतं का. सगळे प्रश्न भाजीचा भाव विचारावा तसे. मी दोन वर्षांत पहिल्यांदा सगळं मोठ्याने बोलले.

मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. दोन वर्तुळं, एकात एक. आतला स्नायू आणि बाहेरचा स्नायू. फर्स्ट डिग्री म्हणजे नुसती कातडी, सेकंड म्हणजे त्याखालचे मधल्या जागेचे स्नायू, पण संडासच्या जागेच्या स्नायूला धक्का नाही. थर्ड म्हणजे तो स्नायू फाटला. त्यात परत ए म्हणजे बाहेरचा स्नायू निम्म्यापेक्षा कमी फाटला, बी म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त, सी म्हणजे आतला पण गेला. फोर्थ म्हणजे आतलं अस्तरसुद्धा. तर माझा वॉर्डचा नंबर हा असा निघाला. आणि मला जे पळावं लागतं ते बाहेरच्या स्नायूचं काम, तो आपण आवळतो तो. आतला आपोआप बंद राहतो, त्याला इजा झाली की न कळत लागतं. मला तसं नव्हतं, म्हणजे त्यातल्या त्यात बरं. हे सगळं समजायला दहा मिनिटं लागली. दोन वर्षं मी काय काय कल्पना करून बसले होते.

क्लिनिकमध्ये दोन तपासण्या झाल्या. एक आतून सोनोग्राफी, बोटाएवढा प्रोब, त्यात आतला स्नायू काळ्या कड्यासारखा दिसतो आणि बाहेरचा पांढुरक्या. दुसरी प्रेशरची, बारीक नळी घालून "आता आवळा, आता सोडा". लाज वाटते, दुखत नाही. मशीनच्या स्क्रीनवर आपण आवळल्यावर रेघ वर जाते ती बघून मला उगाच जरा अभिमान वाटला. माझं शिवलेलं बरं जुळलेलं होतं, कडं पूर्ण होतं, आवळायची ताकद थोडी कमी.

आता निर्णयाचा भाग, कारण बहुतेक जणी इथपर्यंत त्यासाठीच वाचत आल्या असतील. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या कॉलेजची यावर गाईडलाइन आहे, २०१५ ची, ती इकडे तिकडे सगळे वापरतात. त्यात असं की अशी जखम शिवल्यावर वर्षभराने ६० ते ८० टक्के बायकांना काहीच त्रास राहत नाही. पुढच्या वेळी योनीमार्गे बाळंतपण झालं तर परत तसंच फाटायची शक्यता १०० मध्ये ५ ते ७. आणि दुसऱ्या बाळंतपणानंतर संडास-गॅसचा त्रास वाढतो अशा साधारण १७ टक्के. ज्यांना आत्ता त्रास आहे किंवा तपासणीत गडबड दिसतेय त्यांच्याशी ठरवून सिझर करायचं का यावर बोलायचं, असं गाईडलाइन म्हणते. बोलायचं म्हणते, करायचंच म्हणत नाही. आणि आधी फाटलं होतं म्हणून यावेळी खबरदारी म्हणून खालच्या जागेला आधीच कट द्यावा, याचा फायदा होतो असा पुरावा नाही.

माझ्या केसमध्ये गंमत अशी की मी दोन्हीच्या मध्ये. त्रास आहे पण थोडा, तपासणी चांगली पण अगदी पहिल्यासारखी नाही. इथे मला मिडवाइफ लोकांची मतं ऐकायला मिळाली आणि ती सगळी एकसारखी नव्हती, या सेवेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच.

मोठ्या ताईंचं मत, नॉर्मल व्हायला हरकत नाही पण अटी आधीच ठरवून. चिमटा लावायची वेळ येतेय असं दिसलं तर आधीच डॉक्टरांना सांगून ठेवायचं, कारण चिमटा, चार किलोच्या वरचं बाळ, तोंड वर असलेलं बाळ, ही सगळी परत फाटायची कारणं. आशियाई बायकांमध्ये हे प्रमाण जास्त दिसतं हेही त्यांनीच सांगितलं, मला ते आधी कुणीच सांगितलेलं नव्हतं. त्या शेवटच्या क्षणाला हात लावून बाळाचं डोकं सावकाश काढण्याच्या बाजूच्या. "हात बाजूला ठेवून नुसतं बघत बसणं मला जमत नाही गं," म्हणाल्या.

दुसरी, बदली मिडवाइफ, तिशीची असेल, मला ताई म्हणायची. तिचं शिक्षण झालं तेव्हा उलटं शिकवलेलं, हात जवळ ठेवा पण लावू नका, बाईला हवं तसं बसू द्या, आडवं झोपवू नका. यावर मोठा अभ्यास झालेला आहे इंग्लंडमध्ये, १९९८ साली निकाल आला, ५,४७१ बायका, अर्ध्यांना हात लावून अर्ध्यांना हात जवळ ठेवून. मोठ्या फाटण्यात फरक नाही निघाला, फक्त दहाव्या दिवशी थोडं दुखणाऱ्या बायका हात लावलेल्या गटात जरा कमी, ३१ टक्के विरुद्ध ३४. म्हणजे दोघी आपापल्या बाजूने तोच अभ्यास सांगू शकतात आणि सांगतात पण! माझ्यासमोर चहाच्या कपावर दोघींचा वाद झाला आणि मी मध्ये बसून ऐकत होते. नंतर ब्रिटनमध्ये १६ प्रसूतिगृहांत एक पॅकेज वापरून बघितलं, आधी माहिती देणं, हाताने आधार देणं, कट द्यायचाच तर ६० अंशाच्या कोनात, आणि बाळ झाल्यावर गुदद्वारातून बोट घालून तपासणं. अशी जखम होण्याचं प्रमाण ३.३ टक्क्यांवरून ३.० वर आलं. मोठ्या ताई म्हणाल्या बघ, कमी झालं. धाकटी म्हणाली एवढुसं, आणि त्यासाठी सगळ्या बायकांना एका साच्यात घातलं. मला दोघींचं पटलं, आता काय करणार.

पण धाकटीने अजून एक सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. आदल्या वर्षी तिच्या हाताखाली एका बाईला थर्ड डिग्री झालं. सगळं नीट चाललेलं, एकदम झालं. मग फॉर्म भरा, मीटिंग, कुठल्या मिनिटाला काय केलंस, हात कुठे होता. तिला कोणी ओरडलं नाही पण त्यानंतर तीन-चार महिने ती कट लवकर द्यायला लागली, तिला स्वतःलाच ते कळलं, मग एका सिनियरजवळ जाऊन बोलली तेव्हा थांबलं. "ताई, घाबरलेली मिडवाइफ तुम्हाला सल्ला देते ना, तेव्हा अर्धा सल्ला तिच्या स्वतःसाठी असतो," म्हणाली. मला रांगेतल्या तपासणीतल्या त्या तिघी आठवल्या. मी त्यांच्यावर चिडले होते.

आणि मग तिसरी. ती माझी नव्हती, एकदा दोघी सुट्टीवर म्हणून ती आली. बारा वर्षं शिफ्टवाल्या लेबर रूममध्ये काढून या टीममध्ये आलेली. मी तिला तोंडावर विचारलं, की रांगेतल्या तपासणीत तुम्ही मिडवाइफ लोक असं उडवाउडवीचं का बोलता. ती रागावली नाही. म्हणाली, मी पण तिथे हेच म्हटलं असतं, डॉक्टरांना विचारा. माझ्याकडे दहा मिनिटं, दाराबाहेर रांग, फाइलमध्ये तुमची ग्रेड लिहिलेली नाही, आणि तुमचं पुढे काय झालं ते मला कधीच कळणार नाही. रात्री तीनला जिला थिएटरमध्ये पाठवलं ती सहा महिन्यांनी कशी आहे हे मी बारा वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. इथे आल्यावर पहिल्यांदा बघितलं, तेव्हा कळलं की बहुतेक जणी बऱ्या होतात, आणि ज्या होत नाहीत त्या सांगत नाहीत.

हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. मिडवाइफला विचारलं की "माझं नॉर्मल होईल का," तर उत्तर नुसतं तिच्या अभ्यासातून येत नाही, ती कुठल्या पद्धतीत काम करते त्यातून येतं. जिला नुसतं बाळंतपण दिसतं, आधीचं नाही नंतरचं नाही, तिच्यासाठी फाटणं म्हणजे तिच्या ड्यूटीत झालेली भानगड, मग ती एकतर सिझरकडे ढकलते किंवा काही होत नाही म्हणून मोकळी होते. जी सहा आठवड्यांनी तुमच्या घरी येऊन कॉटवर बसते तिला वेगळं दिसतं. बाई तीच असली तरी मत बदलतं. म्हणून सेवा निवडताना एका मिडवाइफचं मत विचारू नका, तिला हे विचारा की नंतर तुम्हीच येणार का.

उगाच हवा करत नाही पण. ओळखीची मिडवाइफ किंवा तिची छोटी टीम शेवटपर्यंत असण्यावर १५ चाचण्यांचा एकत्र आढावा आहे, २०१६ चा, १७,६७४ बायका. चिमटा-व्हॅक्यूम कमी लागतं, कट कमी, आपोआप होणारी बाळंतपणं थोडी जास्त, बायका जास्त समाधानी. पण फाटलंच नाही अशा बायकांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, आणि सिझरमध्येही फरक नाही. आणि ही सरसकट बाळंतपणं, आपल्यासारख्यांची वेगळी नव्हेत. मोठ्या ताईंनी स्वतःच हे सांगितलं, मी शोधलं नाही. म्हणजे टीम घेतली म्हणून टाके पडणार नाहीत असं कोणी विकत असेल तर सावध.

मी नॉर्मल ठरवलं. छत्तिसाव्या आठवड्यात बाळाचं डोकं खाली, वजन बेताचं, सोनोग्राफीच्या अंदाजाने. लेखी प्लॅन बनवला, एक पानाचा, वर मोठ्या अक्षरात ३बी, खाली काय झालं तर काय, आणि शेवटची ओळ माझी, की कधीही मन बदललं तर सिझर मागेन आणि कोणी समजावत बसणार नाही. डॉक्टरांनी त्यावर सही केली. खालच्या जागेचा मसाज चौतिसाव्या आठवड्यापासून सांगितला. पहिलटकरणीला त्याने टाके कमी लागतात, आधी बाळंत झालेल्यांना तेवढा फायदा दिसत नाही, नंतरचं दुखणं कमी होतं असं दिसलंय. मी आठवड्यातून दोनदा केला, खरं सांगायचं तर शेवटी कंटाळा केला, पोट एवढं की हात पोचत नाही आणि नवऱ्याला सांगायची लाज.

कळा रात्री अकराला सुरू झाल्या. आणि झालं काय, तर मोठ्या ताई नाहीत! आदली अख्खी रात्र दुसऱ्या एकीच्या बाळंतपणात काढून झोपल्या होत्या, नियमाने त्यांना बोलवता येत नाही. धाकटी आली. क्षणभर माझं तोंड उतरलं, तिला ते दिसलं असणार, बिचारीने काही दाखवलं नाही. पण तिला सगळं माहीत होतं. मला एकदाही "आधीचं कसं झालं" सांगावं लागलं नाही, एकदाही. कळा चालू असताना ते परत सांगावं लागणं काय असतं ते ज्या गेल्यात त्यांनाच माहीत.

शेवटी मी कुशीवर होते, तिने गरम पाण्यात बुडवून पिळलेला कपडा खाली धरून ठेवला, सतत, गार झाला की बदल. एवढी साधी गोष्ट, आणि अभ्यासात याने मोठं फाटायचं प्रमाण साधारण निम्म्याने कमी झालेलं दिसलंय. पहिल्या वेळी मला कोणी दिलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे धाकटीने हात लावला! डोकं येताना एक हात डोक्यावर, एक खाली, आणि मला म्हणाली आता जोर नको, फुंकर मारा, नुसती फुंकर. मी नंतर चिडवलं, तुम्ही तर हात न लावणाऱ्या ना. म्हणाली तुमच्या प्लॅनमध्ये लिहिलं होतं ना लावा म्हणून.

बाळ तीन किलो चारशे. सेकंड डिग्री फाटलं, तिनेच टाके घातले. टाके घालायच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा तिने आतून बोटाने तपासलं, आणि प्रत्येक वेळी आधी सांगून, मी हो म्हटल्यावर. "स्नायू शाबूत आहे, मला पूर्ण कडं लागतंय." हे वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही. नवरा म्हणाला तू बाळ बघायच्या आधी हे वाक्य ऐकून रडलीस. असेल.

आता दीड स्टार कुठे गेले ते. एक, फोन. दुपारी मेसेज टाकला तर कधी संध्याकाळी उत्तर, कधी दुसऱ्या दिवशी. तातडीचा नंबर वेगळा आहे पण "हे तातडीचं आहे का" हेच तर विचारायचं असतं ना आपल्याला. दोन, फिजिओ. क्लिनिकमध्ये एकदा भेटते, छान शिकवते, आणि मग पुढची तारीख सात आठवड्यांनी. पेल्विक फ्लोअरचे व्यायाम बरोबर करतोय की नुसतं कुल्ले आवळतोय हे एकटीला कळत नाही, मी महिनाभर चुकीचं करत होते. तीन, सहा आठवड्यांनी सगळं बंद. बंद म्हणजे बंद. ज्या दिवशी मोठ्या ताई शेवटच्या येऊन गेल्या त्याच आठवड्यात मी पहिल्यांदा लांब चालायला गेले आणि तेव्हा मला प्रश्न पडायला लागले. अशा जखमेनंतर वर्षभर तरी एखादी भेट पाहिजे. आणि त्यांच्या माहितीपत्रकावर हसऱ्या बायकांचे फोटो आणि "तुमचं शरीर जाणतं" असलं काहीतरी. माझ्या शरीराला पहिल्या वेळी काही जाणता आलं नव्हतं, तो कागद मी घडी करून टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातला.

अजून एक आहे ते स्टारमध्ये धरत नाही, पण दिसलं ते सांगते. या बायका दमतात. महिन्यात कितीतरी रात्री फोन उशाशी. तिसरीला मुलं लहान, ती म्हणाली अजून दोन वर्षं करेन मग परत शिफ्टला जाईन. इंग्लंडने २०१६ मध्ये ठरवलं की हळूहळू सगळ्यांना अशीच ओळखीची मिडवाइफ द्यायची आणि २०२२ मध्ये ते लक्ष्यच काढून टाकलं, कारण माणसं पुरत नव्हती. आपल्याला मोठ्या ताई पाहिजेत पण मोठ्या ताईंना झोप कधी, हा हिशोब कुणी करत नाही. त्या रात्री त्या आल्या नाहीत म्हणून मला वाईट वाटलं होतं, आता वाटतं बरं झालं झोपल्या.

कोणी जावं असं विचारलं तर, ज्यांना त्रास नाही किंवा थोडा आहे आणि तपासणी करून बघायची तयारी आहे त्यांनी नक्की. ज्यांना मनातून सिझरच हवंय त्यांनीही जा, माझ्याबरोबर क्लिनिकमध्ये एक होती तिने सिझर घेतलं, तिला कोणी ऑड वाटू दिलं नाही, तिच्या मिडवाइफ थिएटरमध्ये पण तिच्याजवळ होत्या. न कळत लागतंय, फोर्थ डिग्री होती, अशांनी आधी डॉक्टर आणि तपासणी, मग बाकी सगळं. आणि जिथे नुसत्या मिडवाइफ आहेत पण मागे डॉक्टर, सोनोग्राफी, फिजिओ काही जोडलेलं नाही, तिथे आपल्यासारखीने जाऊ नये असं माझं स्पष्ट मत. म्हणून तर ते एका खोलीतल्या तिघींचं मघाशी महत्त्वाचं म्हटलं, मला तिघींकडून तीन निरोप घेऊन फिरावं लागलं नाही.

आता माझं बाळ पाच महिन्यांचं. पळावं लागतं अजून, पण पाचाचे दहा मिनिटं झालेत. तुमच्या जुन्या डिस्चार्जच्या कागदावर आकडा आणि अक्षर काही आहे का बघा आधी, आणि नसेल तर त्या वेळच्या टाक्यांची ऑपरेशन नोट मागा, मागितली की देतात, मला दोन हेलपाटे पडले.